आडोसा आणि लपवणूक



या व्याख्यानमालेत संतवाङ्मयापासून शेतीपर्यंत अनेक विषयांवर विद्वानांनी विचार मांडले आहेत. मी जन्मभर मराठी शिकवले, म्हणींवर प्रबंध लिहिला. तेव्हा माझ्याकडून भाषेवरील व्याख्यानाची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. ती मी पुरती मोडणार नाही. परंतु आज मला बोलायचे आहे ते इन्सुलिनच्या सुईविषयी, आणि त्यातही ती सुई चारचौघांत कशी टोचून घ्यावी याविषयी. मी वैद्य नव्हे. शब्दांचा माणूस आहे, आणि गेली चौदा वर्षे या सुईचाही.

हा विषय निवडण्याचे कारण दुसरे कुणी नसून स्वतः गुरुजी आहेत. ज्यांचे नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापलेले असते, त्यांना आपण सारे नुसते ‘गुरुजी’ म्हणत आलो. मीही तसेच म्हणतो. त्यांची एक गोष्ट मी जवळजवळ पन्नास वर्षे पोटात ठेवली. गेल्या महिन्यात त्यांच्या कन्येकडे ती सांगण्याची परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, “सांगा, काका. बाबांना आजारापेक्षा तो लपवण्याचाच त्रास जास्त झाला.” त्या परवानगीने मी आज उभा आहे.

आरंभ एका शब्दापासून करतो. ती माझी सवय आहे. आपले सचिन हे एके काळचे संस्थान. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका दावेदाराने पेशव्यांशी झालेल्या तहानुसार त्या गादीवरचा हक्क सोडला आणि १७९१ साली त्याला सुरतेजवळचा हा मुलूख मिळाला, हे आपणांस ठाऊक आहे. ‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझीरा’वरून आला, त्याचा अर्थ बेट. आता ‘इन्सुलिन’ पाहा. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला १८६९ साली स्वादुपिंडात पेशींची लहान लहान बेटे दिसली. पुढे त्या बेटांतून स्रवणाऱ्या द्रव्याला, बेटाच्या लॅटिन नावावरून, ‘इन्सुलिन’ म्हणू लागले. म्हणजे या गावाच्या नवाबांचे मूळ आणि या औषधाचे नाव, दोन्ही अर्थाने बेटच. हा निव्वळ योगायोग आहे. पण आजच्या विषयाला तो उपकारक आहे. कारण या आजाराच्या माणसाचेही आपण बेट करून टाकतो, आणि पुष्कळदा तो स्वतःच स्वतःला बेट करून घेतो.

मधुमेह आपल्याला नवा नाही. चरक-सुश्रुतांच्या संहितांतून त्याचे वर्णन आहे. नवे आहे ते त्यावरचे इन्सुलिन. कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड आणि कॉलिप या चौघांच्या प्रयत्नांतून ते हाती आले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिली सुई टोचली. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, त्याचा उपयोग झाला नाही. कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केल्यावर २३ जानेवारीला पुन्हा सुई दिली, आणि मरणपंथाला लागलेला तो मुलगा सावरला. पुढे तो तेरा वर्षे जगला. संशोधकांनी एकस्वाचे हक्क टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. जगाला जे द्रव्य इतक्या मोकळ्या हाताने मिळाले, ते आम्ही मात्र चोरासारखे घेत आलो, ही या इतिहासाची आपल्याकडची बाजू आहे.

१९७० च्या दशकात मी सुरतेच्या एका महाविद्यालयात नवा अध्यापक म्हणून लागलो आणि राहायला सचिनला खोली घेतली. भिंतीला भिंत लागून गुरुजींचे बिऱ्हाड. पहाटे त्यांच्या स्वयंपाकघरातून पाण्याच्या आधणाबरोबर काचेचा एक बारीक किणकिणाट ऐकू येई. काही महिन्यांनी मला उलगडा झाला: ती काचेची पिचकारी होती. त्या काळी एकदा वापरून टाकायच्या सुया घरोघर नव्हत्या. पिचकारी आणि सुई रोज उकळायची, बाटलीतले औषध मोजून ओढायचे, मांडीत टोचायचे. सुई बोथट झाली तरी चालवून घ्यायची. मी ते पाहिले हे गुरुजींच्या लक्षात आले, तेव्हा त्यांनी मला दारात उभे केले आणि म्हणाले, “प्राध्यापक, तुम्ही शेजारी आहात. शेजारधर्म म्हणून एवढे करा. हे कुठे बोलू नका.” मी शब्द दिला.

दुपारची सुई ते शाळेत, नकाशांच्या खोलीत घेत. गुंडाळलेल्या नकाशांच्या आड, दाराला आतून कडी. मुलांना वाटे, गुरुजी भूगोलाच्या तासाची तयारी करताहेत.

२६ जानेवारी १९७८ चा दिवस. ध्वजवंदनाचे सूत्रसंचालन गुरुजींकडे असे. त्यांचा खणखणीत आवाज, शुद्ध उच्चार, ध्वनिक्षेपकासमोर उभे राहण्याची ती ऐट जुन्या विद्यार्थ्यांना आजही आठवत असेल. सात वाजता घरून सुई घेऊन ते निघाले. साडेसातला ध्वजवंदन, मग लगेच अल्पोपाहार, असा कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. इन्सुलिन पाहुण्यांची वाट पाहत नाही. ते आपले काम करत राहते, आणि पोटात अन्न गेले नसेल तर रक्तातली साखर उतरू लागते. जानेवारीच्या त्या थंड सकाळी गुरुजींचा सदरा घामाने भिजला. जीभ जड झाली. एकच वाक्य त्यांनी तीनदा म्हटले. एका विद्यार्थ्याला भलत्याच नावाने हाक मारली. व्यासपीठाच्या पायरीवर तोल गेला. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याच्या कानाला लागले, मी मागेच होतो, मला ऐकू आले: “मास्तर पीधेला लागे छे.”

दारूबंदीच्या गुजरातेत, शिक्षकाविषयी, ध्वजापुढे उच्चारलेले हे वाक्य आहे. त्याचे वजन आपणांस सांगायला नको.

मी त्यांना धरून नकाशांच्या खोलीत नेले, साखरेचे पाणी पाजले. पंधरा-वीस मिनिटांत ते भानावर आले. पहिला प्रश्न विचारला तो प्रकृतीचा नव्हे. “बाहेर काय सांगितलेत?” मी म्हणालो, “ऊन लागले म्हणालो.” “बरे केलेत,” ते म्हणाले. जानेवारीत सकाळी नऊ वाजता ऊन लागल्याचे कुणालाही पटणारे नव्हते. पण आम्हा दोघांनाही खरे सांगणे सुचले नाही.

खरे का सांगायचे नव्हते, हे त्यांनी मला नंतर एकदा सांगितले. कारणे तीन होती. मुलगी लग्नाची होती. ‘घराण्यात साखर आहे’ असे एकदा पसरले की स्थळे परत जात. दुसरे कारण नोकरीचे. रोज सुई घेणारा माणूस काम झेपवू शकेल का, अशी शंका कुणी काढू नये. तिसरे कारण मात्र सांगताना त्यांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला. त्या काळचे इन्सुलिन गुराढोरांच्या वा डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेले असे. पंढरीची वारी करणाऱ्या माणसाने ते रोज अंगात घ्यायचे. “पांडुरंगाला ठाऊक आहे,” ते म्हणाले, “गावाला कळायला नको.”

त्या दिवसानंतर सूत्रसंचालनाचे काम हळूहळू दुसऱ्यांकडे गेले. कुणी कारण सांगितले नाही, गुरुजींनी विचारले नाही. कुजबुज मात्र कित्येक वर्षे टिकली. मला खरे ठाऊक होते. मी एका वाक्यात ती कुजबुज थांबवू शकलो असतो. मी दिलेला शब्द पाळला, आणि आज मला वाटते की तो पाळण्यात माझे काहीतरी चुकले. निदान गुरुजींकडे जाऊन, “मला या शब्दातून मोकळे करा,” एवढे तरी मी म्हणायला हवे होते.

म्हणींचा अभ्यासक म्हणून एक गोष्ट नमूद करतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्या हाडीमासी खिळली आहे. घरातले घरात ठेवावे, दुखणे चव्हाट्यावर आणू नये, हे तिचे शिक्षण. गरिबी झाकायला ती उपयोगी पडली असेल. पण या दुखण्याची रीत उलटी आहे. साखर उतरते तेव्हा रोग्याची बुद्धीच मंदावते; आपल्याला काय होते आहे आणि काय करायला हवे, हे त्याचे त्यालाच उमगत नाही. खिशात खडीसाखर असते आणि हात खिशाकडे जात नाही. अशा वेळी त्या झाकल्या मुठीत काय आहे हे शेजाऱ्याला ठाऊक नसेल, तर मूठ सव्वा लाखाचीच राहील. माणूस राहील याची खात्री नाही. त्यापेक्षा आपल्याच भाषेतली दुसरी म्हण खरी ठरते: भीड भिकेची बहीण.

आपण म्हणाल, हे सगळे कळत असताना मी तरी शहाणपणाने वागलो असेन. तसे झाले नाही. निवृत्तीनंतर २०११ मध्ये डॉक्टरांनी मला इन्सुलिन सुरू केले, आणि मी अगदी गुरुजींच्याच वाटेने गेलो. आता काचेची पिचकारी नव्हती, लेखणीसारखे सुटसुटीत साधन होते. खिशाला लावले तर कुणाला शाईचे पेन वाटावे. तरी मी ते लपवत असे. लग्नाच्या मांडवात, साहित्यसंमेलनात, नातेवाइकांकडे, जेवणाआधी मी प्रसाधनगृह शोधत फिरे.

एकदा उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाडीने नंदुरबारला व्याख्यानासाठी निघालो होतो. व्यारा गेल्यावर जेवावे असा विचार केला. डबा पिशवीत होता. आसनावर बसून सुई घ्यायची लाज वाटली म्हणून गाडीच्या शौचालयात गेलो. हलत्या गाडीत, एका हाताने कडी धरून, त्या ओल्या, घाणेरड्या जागेत, शरीरात जायचे औषध मी घेतले. परत आलो तर माझ्या जागेवर सामान रचलेले, चार माणसे दाटीने बसलेली. डब्याची पिशवी कुठल्याशा गाठोड्याखाली गेलेली. मी भिडस्तपणे दाराजवळ उभा राहिलो. पाऊण तासाने हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. कुणीतरी म्हणाले, “याला उतरवा पुढच्या स्टेशनला, प्यायलेला दिसतोय.” तेच वाक्य, पुन्हा. खानदेशातली एक बाई आपल्या लेकराला घेऊन खाली बसली होती. तिने माझ्याकडे निरखून पाहिले आणि अहिराणीत विचारले, साखरेचे दुखणे आहे का. मी मान हलवली. तिने पदराच्या गाठीतला गूळ माझ्या हातावर ठेवला. तिच्या सासऱ्याला हेच होत असे. व्याख्याने देणाऱ्या प्राध्यापकाला जे सांगता आले नाही, ते तिने विचारून घेतले, म्हणून मी वाचलो.

त्या दिवशी मला एक भेद कळला, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत: आडोसा आणि लपवणूक. आपण ते एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नव्हेत. आडोसा शरीराला असतो. लपवणूक सत्याची असते. आडोशाला माणुसकी लागते. लपवणुकीला भीती लागते. एसटीच्या थांब्यावर एखादी आई तान्ह्या मुलाला पाजायला घेते. ती पदर ओढून घेते. आणि आजूबाजूची माणसे, न सांगता, दुसरीकडे पाहू लागतात. तिला कुणी ‘शौचालयात जा’ म्हणत नाही. ती आई आहे, हे ती लपवत नाही. आणि तिच्याकडे टक लावून पाहावे, असेही कुणाला वाटत नाही. अर्धा आडोसा तिच्या पदराचा असतो आणि अर्धा आपल्या नजरेचा. तो दोघांनी मिळून धरायचा असतो. सुईच्या बाबतीत आपण रोग्याला सांगतो की सगळा आडोसा तुझा तूच शोध. मग तो शौचालयात जातो.

याला एक वैद्यकीय बाजूही आहे, ती थोडक्यात सांगतो. गुरुजींच्या काळचे साधे इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यावे लागे. म्हणजे सुई घरी, ताट दुसऱ्याच्या दारी, आणि मधला अर्धा तास यजमानाच्या हाती. १९९६ पासून झपाट्याने काम करणारी नवी इन्सुलिने आली. ती जेवणाला बसतानाच घेता येतात. यात मोठी सुरक्षितता आहे: ताट समोर दिसले, त्यात काय आणि किती आहे हे कळले, की मगच सुई. पण याचाच दुसरा अर्थ असा की सुई आता ताटापाशी आली आहे. औषध पंगतीत येऊन बसले. पंगतीची रीत मात्र अजून जुनीच आहे. ज्याला ती सुई ताटापासून दूर, दाराआड घ्यायला लागते, त्याच्याकडून विज्ञानाने दिलेली ही सुरक्षितता आपण काढून घेतो. मी गाडीत केलेली चूक नेमकी हीच होती.

हा संकोच फक्त आपल्याकडेच आहे असे समजू नका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांना वयाच्या सातव्या वर्षी मधुमेह झाला. खुर्ची ओढून, शेगडीवर भांडे ठेवून, पिचकारी उकळून स्वतःची सुई स्वतः घ्यायला त्या त्याच वयात शिकल्या. पुढे कितीतरी वर्षे त्यांनीही आजार झाकून ठेवला. एकदा उपाहारगृहाच्या प्रसाधनगृहात त्या सुई घेत असता एका स्त्रीने पाहिले आणि बाहेर येऊन सोबतच्या माणसाला सांगितले की ती बाई व्यसनी आहे. सोटोमायोर तिच्यापाशी थांबल्या आणि आपण मधुमेही आहोत, हे औषध आपल्याला जिवंत ठेवते, हे तिला स्पष्ट सांगितले. लक्षात घ्या, संशय उत्पन्न झाला तो लपण्याच्या जागेमुळे. उजेडात, ताटाशेजारी घेतलेली सुई औषधाची वाटते. अंधाऱ्या कोपऱ्यातली तीच सुई व्यसनाची वाटते.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे ऐकले पाहिजे. काहींना सुई पाहूनच घेरी येते. जेवताना रक्ताचा थेंब दिसणे कुणालाच आवडणार नाही. ही तक्रार रास्त आहे. म्हणून सुई घेणाऱ्याचेही काही शिष्टाचार आहेत. ते मी माझ्या अनुभवातून आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून ठेवतो.

पंगतीत वा मेजावर बसताना कडेची जागा घ्यावी, किंचित वळून बसावे. साधन आधीच जुळवून ठेवावे. मात्रा मोजण्याचे काम घाईत करू नये. हात स्वच्छ असावेत. पोट, मांडी, दंड या जागा आलटून पालटून वापराव्यात, एकाच जागी टोचत राहिले तर गाठी होतात आणि औषध नीट भिनत नाही. आडोशासाठी म्हणून कपड्यावरूनच टोचू नये. माझी एक जुनी विद्यार्थिनी सांगते की साडी हे या कामी सर्वांत सोयीचे वस्त्र आहे. पदराआड दोन बोटे जागा पुरते, शेजारणीलाही पत्ता लागत नाही. आम्हा पुरुषांना सदऱ्याचे खालचे एक बटण पुरते. सगळे मिळून अर्ध्या मिनिटाचे काम. वापरलेली सुई ताटात, केराच्या टोपलीत वा गाडीच्या खिडकीबाहेर कधीही टाकू नये. सफाई करणाऱ्याच्या हाताला ती लागेल. जाड प्लॅस्टिकची झाकणाची डबी जवळ ठेवावी. आपल्या सुरतेच्या उन्हाळ्यात औषध बंद मोटारीत ठेवू नये, आणि बर्फाच्या कप्प्यातही नको. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. जिथे शीतकपाट नाही तिथे मातीचे माठ वापरतात: मोठ्या माठात ओली वाळू, तिच्यात लहान मडके, त्या मडक्यात औषध. आणि बाटलीतून औषध घेणाऱ्यांनी एक पक्के ध्यानात ठेवावे: आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० एककांचे असते, काही १०० चेही असते, पिचकारी त्याच मापाची हवी, नाहीतर मात्रा अडीचपट चुकते.

आणि सर्वांत महत्त्वाचे: प्रत्येक ठिकाणी निदान एका माणसाला सांगून ठेवावे. गावभर दवंडी पिटायची नाही. कचेरीत एक, प्रवासात एक, मांडवात एक. “मला मधुमेह आहे, मी इन्सुलिन घेतो, मी घामाघूम झालो वा असंबद्ध बोलू लागलो तर मला साखर द्या.” एवढे एक वाक्य. हीच आडोशाची आणि लपवणुकीची सीमारेषा आहे.

ऐकणाऱ्यांनीही एवढे शिकून ठेवावे. साखर ७० च्या खाली उतरली की ती कमी समजायची. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात द्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी, आणि मग काही खायला द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून तातडीने रुग्णालयात न्यावे. आणि झोकांड्या खाणारा प्रत्येक माणूस प्यायलेला असतो असे मानण्याची घाई करू नये. आपल्या राज्यात ही घाई जरा जास्त होते.

आता शाळेविषयी. हे व्याख्यान शाळेत होत आहे आणि म्हातारे कोतारेच मधुमेही असतात हा समज खोटा आहे. भारतात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून दिसले. मधुमेहींत लहान मुलेही असतात, ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. त्यांनी गोड खाल्ले म्हणून हा आजार झालेला नसतो. त्यांना दिवसातून अनेकदा सुई घ्यावी लागते आणि त्यांतली एक तरी शाळेच्या वेळेत येते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये अशा परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळे, पाणी परीक्षागृहात नेण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने मार्च २०२३ मध्ये राज्यांना लिहिले की या मुलांना वर्गात साखर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची, मधल्या वेळी खाण्याची परवानगी असावी. हे कागदावर आले आहे. वर्गात येण्यासाठी शिक्षकच लागतो.

मला वाटते, एखादी मुलगी मधल्या सुट्टीत दप्तरातून ते साधन काढते तेव्हा तिला तीन गोष्टी मिळाव्यात. बसायला स्वच्छ जागा मिळावी. ती हवी तर आडोशाची असावी, पण शौचालय नव्हे. तिचे दुखणे ठाऊक असलेली एक शिक्षिका आणि एक मैत्रीण असावी. आणि वर्गाची वळलेली नजर. तिने सर्वांसमोर घ्यावे की कोपऱ्यात घ्यावे, हे तिने ठरवावे. भीतीने ठरवू नये. आपल्या देशात १४ नोव्हेंबरला बालदिन असतो. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग यांचा जन्मही १४ नोव्हेंबरचा, १८९१ चा, म्हणून त्याच दिवशी जागतिक मधुमेह दिन पाळतात. शाळेला निराळा मुहूर्त शोधायला नको. त्या दिवशी फुगे लावताना दहा मिनिटे या विषयाला द्यावीत, एवढी माझी विनंती आहे.

नकाशांची ती खोली आता राहिली नाही, तिथे संगणक आहेत, असे मुख्याध्यापिकाबाईंनी मला सांगितले. बरे झाले. गुरुजी तिथे जे करत होते त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. ते व्यसन नव्हते, दुबळेपणा नव्हता; उकळलेल्या सुईने रोज स्वतःला टोचून, हसतमुखाने वर्गावर जाणाऱ्या माणसाचा तो नेटका धीर होता. २६ जानेवारी १९७८ ला ते प्यायलेले नव्हते. ते उपाशी होते, आणि पाहुण्यांच्या मानासाठी उभे होते. हे वाक्य मी सत्तेचाळीस वर्षे उशिरा, त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच ध्वनिक्षेपकावरून उच्चारतो आहे. त्या दिवशीचे जे कुणी आज सभागृहात असतील, त्यांनी ते आपल्या घरी जाऊन सांगावे.

व्याख्यानानंतर अल्पोपाहार आहे. व्यासपीठावर येण्यापूर्वी मी अध्यक्षमहाशयांना सांगून ठेवले आहे की माझ्या उजव्या खिशात खडीसाखर आहे. थोड्या वेळाने बशी समोर आली की मी माझ्या जागीच, थोडा वळून बसेन आणि माझी सुई घेईन. आपण तेवढा अर्धा मिनिट आपापल्या बशीकडे पाहावे, म्हणजे माझ्या वाट्याचा आडोसा पुरा होईल.